कडक उन्हाळ्यात केळीला ऊन किती, सावली किती: खानदेशच्या बागेपासून घरच्या परसापर्यंत

एप्रिल-मे महिन्यांत रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांत पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो आणि नेमक्या त्याच महिन्यांत जळगाव जिल्ह्यातील मृगबागेचे, म्हणजे जून-जुलैत लावलेल्या बागेचे, घड झाडावर भरत असतात. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या जळगावच्या केळीचा हा दरवर्षीचा क्रम आहे. त्यामुळे उष्ण भागात केळीला सावली द्यावी की नाही, असा प्रश्न पडणाऱ्याने आधी ही वस्तुस्थिती ध्यानात घ्यावी की एवढ्या उन्हात, डोक्यावर कसलेही छत नसलेल्या उघड्या शेतात केळी पिकते आणि उत्तम पिकते. मात्र त्याच तालुक्यांत, त्याच उन्हात काही बागांची पाने कडेने करपतात, घडाचे दांडे काळे पडून घड सटकतात आणि नुकतीच लावलेली रोपे आठवडाभरात माना टाकतात, हेही तितकेच खरे आहे.

या दोन्ही गोष्टींचा मेळ घातला की उत्तर सापडते. केळीच्या पानांना ऊन हवे असते. तिच्या मुळांना, खोडाला, घडाला आणि कोवळ्या रोपाला ते भर उन्हाळ्यात सोसत नाही. म्हणून सगळ्या झाडावर एकसारखी सावली धरण्याऐवजी झाडाचा कोणता भाग, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि वयाच्या कोणत्या टप्प्यावर झाकायचा, हे ठरवणे हे खरे काम आहे. पुढील सर्व मार्गदर्शन याच क्रमाने दिले आहे.

पानाला ऊन का लागते

केळीच्या वाढीला साधारण २६ ते ३० अंश तापमान सर्वांत मानवते. १६ अंशांच्या खाली वाढ जवळजवळ थांबते आणि ३८ अंशांच्या वर ती मंदावत जाते. हे आकडे तापमानाचे आहेत, प्रकाशाचे नाहीत, आणि या दोहोंची गल्लत झाल्यामुळेच अनेक जण केळी गर्द झाडाखाली नेऊन लावतात. झाडाखाली तापमान दोन-चार अंशांनी उतरते खरे, पण प्रकाश निम्म्याहून कमी होतो, आणि एवढी मोठी पाने पोसून वर १५-२० किलोंचा घड भरणाऱ्या पिकाला तो तोटा परवडत नाही.

केळीचे झाड आयुष्यभरात साधारण ३० ते ४० पाने काढते. उन्हाळ्यात नवे पान सात ते दहा दिवसांत उलगडते, हिवाळ्यात त्याला याच्या दुपटीहून अधिक वेळ लागू शकतो. झाड निसवले, म्हणजे घड बाहेर पडला, की त्यानंतर एकही नवे पान येत नाही. त्या वेळी झाडावर जी दहा-बारा हिरवी पाने असतील, त्यांच्या जोरावरच संपूर्ण घड भरायचा असतो, आणि पानांची संख्या आठच्या खाली गेली तर फळे बारीक राहतात. म्हणून या पानांवर पडणारे ऊन हे घडाचे अन्न आहे असे समजूनच निर्णय घ्यावा. दिवसाकाठी किमान सहा ते आठ तास थेट ऊन ही केळीची गरज आहे. चार तासांवर ती जगते, हिरवीगार दिसते आणि शोभेचे झाड म्हणून समाधानही देते, पण निसवण काही महिने लांबते आणि घड हलका निघतो.

दुपारी पाने मिटतात तेव्हा

केळीच्या पानाकडे भर दुपारी जवळून पाहावे. मधल्या जाड शिरेच्या दोन्ही बाजूंचे फलक खाली झुकलेले असतात आणि संपूर्ण पान उतरत्या छपरासारखे दिसते. शिरेलगतच्या पट्ट्यातील पेशींमधील पाण्याचा दाब कमी झाला की हे घडते. यामुळे पानावर ऊन सरळ न पडता तिरपे पडते, पान कमी तापते आणि पाण्याची वाफही कमी होते. पाने दुपारी मिटली म्हणून घाबरून शेडनेट आणायला धावण्याचे कारण नाही. झाड आपली सावली आपणच करून घेत असते.

मात्र हीच खूण दिवसाच्या दुसऱ्या वेळी वेगळे सांगते. सकाळी सातच्या सुमारास बागेत फेरी मारावी. त्या वेळी पाने पूर्ण पसरलेली असतील तर रात्रीतून झाडाची पाण्याची तूट भरून निघाली आहे. सकाळीही पाने अर्धवट मिटलेली असतील तर मुळांपाशी पाणी कमी पडते आहे, किंवा उलट जमीन इतकी चिकट आणि पाणी साचलेली आहे की मुळे काम करीत नाहीत. अशा वेळी दोष उन्हाला देऊन वर सावली धरली तर मूळ दुखणे तसेच राहते. बोटाने किंवा खुरप्याने सहा-सात इंच माती उकरून ओल पाहावी आणि मगच पुढचा निर्णय घ्यावा. उन्हाळ्यात बागेसाठी एकच सवय लावून घ्यायची असेल तर ती या सकाळच्या फेरीची असावी, असे माझे ठाम मत आहे.

जागा निवडताना सूर्याची चाल पाहावी

शेतात जागेची निवड फारशी हाती नसते, पण परसात, बंगल्याच्या आवारात किंवा शाळेच्या बागेत ती असते, आणि तेथेच सर्वांत मोठ्या चुका होतात. जळगाव, भुसावळ, नागपूर ही शहरे साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. येथे मे महिन्याच्या अखेरीस सूर्य भर दुपारी जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो, त्यामुळे त्या वेळी भिंतीची सावली पडतच नाही म्हटले तरी चालेल. डिसेंबरच्या अखेरीस मात्र तोच सूर्य दुपारी दक्षिणेकडे सुमारे ४५ अंशांवर असतो आणि १० फूट उंच भिंतीची सावली उत्तरेकडे जवळपास १० फूट लांब पडते.

याचा व्यवहारातील अर्थ असा की केळीच्या दक्षिणेला उंच भिंत किंवा इमारत असेल तर ती मे महिन्यात दुपारी काहीच संरक्षण देत नाही आणि हिवाळ्यात, जेव्हा थंडीने आधीच मंदावलेल्या झाडाला उन्हाची सर्वांत जास्त गरज असते, तेव्हा नेमके ऊन अडवते. केळीसाठी यापेक्षा वाईट जागा नाही. याउलट पश्चिमेचा आडोसा खरा कामाचा असतो. मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास सूर्य पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे कललेला असतो आणि १० फुटांच्या आडोशाची सावली पूर्वेकडे साधारण १२ फुटांपर्यंत पोहोचते. दिवसभर तापलेल्या हवेत जेव्हा झाडाची पाण्याची तूट सर्वाधिक असते, त्याच वेळी ही सावली मिळते, आणि सकाळपासून दुपारपर्यंतचे सगळे ऊन झाडाला मिळालेले असते.

म्हणून घरगुती लागवडीसाठी पूर्व आणि दक्षिण मोकळी व पश्चिमेला आठ-दहा फुटांवर भिंत, कुंपण किंवा झाड असलेली जागा निवडावी. झाड भिंतीला अगदी चिकटून लावू नये. पश्चिमेकडील भिंत संध्याकाळी सावली देते, पण पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे सिमेंटची मोठी भिंत असेल तर ती दुपारनंतरचे ऊन अंगावर घेऊन रात्री उशिरापर्यंत उष्णता बाहेर टाकते आणि तिला टेकलेली पाने आधी भाजतात. फरशी किंवा काँक्रीटच्या आवाराच्या मधोमध सोडलेल्या खड्ड्यात केळी लावायची असल्यास भोवतीचा किमान तीन-चार फुटांचा भाग मातीचा ठेवावा.

कुंडीतील किंवा ड्रममधील केळीचा प्रश्न थोडा निराळा आहे. तेथे पानांपेक्षा मुळे आधी भाजतात, कारण काळा प्लॅस्टिकचा ड्रम पश्चिमेच्या उन्हात सर्व बाजूंनी तापतो. अशा ड्रमला बाहेरून गोणपाट गुंडाळावे किंवा चुन्याचा हात द्यावा आणि त्याच्या पश्चिमेला दुसऱ्या कुंड्या मांडाव्यात. पाने उन्हात आणि ड्रम सावलीत अशी मांडणी साधली की झाड मे महिना निभावून नेते.

कोवळे रोप: इथे मात्र सावली हवीच

सावलीची खरी, निर्विवाद गरज असते ती ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चर) रोपाला. प्रयोगशाळेतून निघालेले रोप आधी दमट पॉलिहाऊसमध्ये आणि नंतर साधारण ५० टक्के सावलीच्या शेडनेटखाली सहा ते आठ आठवडे वाढवलेले असते. शेडनेटमधून उचलून त्याच दिवशी ४० अंशांच्या उघड्या शेतात ते लावले तर त्याच्या पातळ पानांवर पांढरट, कागदासारखे चट्टे पडतात आणि पाने वाळतात. नवा पोंगा, म्हणजे न उलगडलेले पान, जिवंत राहिला तर रोप सावरते, पण त्याचे दोन-तीन आठवडे वाया जातात, आणि संपूर्ण बाग एकाच वेळी निसवण्याचे गणित तेथेच बिघडते.

रोपवाटिकेतून आणलेली रोपे शेताच्या कडेला झाडाच्या विरळ सावलीत आठवडाभर ठेवावीत. पहिले दोन-तीन दिवस त्यांना फक्त सकाळी नऊपर्यंतचे ऊन द्यावे, नंतर अकरापर्यंतचे आणि शेवटी दिवसभराचे. या आठवड्यात पिशवीतील माती सुकू देऊ नये. पाच-सहा निरोगी पाने असलेली, साधारण एक फूट किंवा थोडी अधिक उंचीची रोपे निवडावीत, कारण यापेक्षा लहान रोप उन्हात टिकत नाही. लागवड संध्याकाळी, वाफशावर (माती ओलसर पण चिकट नसताना) करावी आणि लगेच पाणी द्यावे.

लागवड मार्च ते मे या काळात करावी लागत असेल तर शेतात दोन उपाय हाताशी आहेत. पहिला जुना आणि स्वस्त आहे. लागवडीपूर्वी तीन-चार आठवडे रोपांच्या ओळींच्या पश्चिम व दक्षिण बाजूला तागाची दाट ओळ पेरावी. ताग झपाट्याने वाढतो, रोपाला दुपारनंतर सावली देतो, गरम वारा अडवतो आणि फुलावर येताच, म्हणजे साधारण ४०-४५ दिवसांनी, कापून तेथेच जमिनीवर पसरला की त्याचे आच्छादन आणि खत दोन्ही होते. सावलीसाठी म्हणून काकडी, भोपळा, टोमॅटो किंवा मिरची ही पिके मात्र रोपांजवळ घेऊ नयेत, कारण त्यांच्यावरील मावा केळीवर कुकुंबर मोझॅक विषाणू आणतो आणि सावली मिळवण्याच्या नादात बागच रोगट होते.

दुसरा उपाय म्हणजे पांढऱ्या, न विणलेल्या पातळ कापडाचे क्रॉप कव्हर. बांबूच्या कामट्या किंवा तारेच्या कमानी रोवून त्यावर हे कापड ओढतात. ते प्रकाश आत येऊ देते, झळ आणि गरम वारा अडवते, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावलेल्या कांदेबागेच्या कोवळ्या रोपांना हिवाळ्यात थंडीच्या चरक्यापासूनही वाचवते. हे कापड पानांना घासणार नाही एवढी कमान उंच असावी, तळाशी थोडी हवा खेळेल अशी फट ठेवावी, आणि पाने कापडाला टेकू लागली की ते काढून टाकावे. काढतानाही ते एका दुपारी ओढून मोकळे होऊ नये. आधी पूर्वेची बाजू उघडावी आणि दोन-तीन दिवसांनी ढगाळ वेळ किंवा संध्याकाळ पाहून उरलेले काढावे.

मुनव्यांपासून, म्हणजे झाडाच्या बुंध्याशी फुटणाऱ्या कोंबांपासून, लागवड करणाऱ्यांना एवढी काळजी घ्यावी लागत नाही, कारण तलवारीसारख्या अरुंद पानांच्या मुनव्याजवळ कंदाचा साठा असतो आणि त्याची नवी पाने उन्हातच उलगडतात.

झळ अडवणे हे सावली धरण्यापेक्षा मोलाचे

खानदेशातील मे महिन्याचा त्रास निव्वळ उन्हाचा नसतो. तो कोरड्या, तापलेल्या, सतत वाहणाऱ्या वाऱ्याचा असतो. त्याच उन्हात वारा थांबलेला असेल तर बाग तग धरते. वारा सुटला की पानांतून जाणारे पाणी मुळांनी आणलेल्या पाण्याहून अधिक होते आणि पानांच्या कडा करपतात. म्हणूनच बागेच्या पश्चिम कडेची ओळ सर्वांत आधी भाजलेली दिसते आणि आत पाच-सहा ओळी चालत गेल्यावर तीच लागवड, तेच पाणी असूनही पाने तजेलदार असतात.

लागवडीच्या वेळीच, किंवा त्याआधी, बागेच्या पश्चिम आणि दक्षिण कडेला शेवरीच्या दोन दाट ओळी लावाव्यात. गजराज गवतही चालते आणि त्याचा जनावरांना चारा होतो. ही कुंपणाची झाडे केळीच्या पहिल्या ओळीपासून सहा-सात फूट दूर असावीत, नाहीतर ती केळीचे पाणी आणि खत खातात. चांगला वारारोधक पट्टा आपल्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर कमी करतो, म्हणजे १२ फुटांची शेवरी १०० फुटांहून अधिक आतपर्यंत उपयोगी पडते. पट्टा भिंतीसारखा पूर्ण बंद नसावा, कारण तशा आडोशावरून वारा उसळून पलीकडे भोवऱ्यासारखा उतरतो. थोडा वारा गाळून जाऊ देणारी हिरवी ओळच अधिक चांगली.

ज्यांनी वेळेवर शेवरी लावली नाही त्यांनी एप्रिलच्या आरंभी पश्चिम कडेला बांबू रोवून हिरवे शेडनेट उभे बांधावे, किंवा तुराट्या, पऱ्हाट्या, कडबा यांचे ताटवे करून लावावेत. शेडनेटचा पैसा खर्च करायचाच असेल तर तो झाडांच्या डोक्यावर नव्हे, असा उभा खर्च करावा.

वाऱ्याने पाने फाटण्याबद्दल अनेकांना काळजी वाटते. पानाच्या पट्ट्या चार बोटांहून रुंद असतील तर उत्पन्नावर फारसा परिणाम होत नाही, उलट फाटलेले पान थोडे कमी तापते. पट्ट्या दोरीसारख्या बारीक होऊ लागल्या की मात्र आडोसा अपुरा आहे असे समजावे.

जमीन झाकावी, मुळे गार ठेवावीत

केळीची बहुतेक कामाची मुळे वरच्या फूट-सव्वा फुटाच्या थरात असतात, आणि मे महिन्यात दुपारी उघड्या काळ्या जमिनीचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो. बागेची पाने एकमेकांना भिडलेली असतील तर ही जमीन आपोआप सावलीत राहते. ५ × ५ फुटांवरील लागवडीत हेक्टरी सुमारे ४,३०० झाडे बसतात आणि सहा-सात महिन्यांत जमिनीवर कवडशांपुरतेच ऊन उरते. खानदेशात या अंतराची परंपरा टिकून राहण्यामागे हेही एक कारण आहे, असे मला वाटते. अंतर वाढवणाऱ्यांनी, तसेच ज्यांची बाग उन्हाळ्यात अजून लहान आहे त्यांनी, आच्छादनाकडे दुर्लक्ष करू नये.

उसाचे पाचट, गव्हाचा भुसा, सोयाबीनचे भुसकट किंवा केळीचीच वाळलेली निरोगी पाने यांचा चार ते सहा इंचांचा थर मार्चच्या मध्यापर्यंत द्यावा. खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी सोडावी, म्हणजे बुंधा कुजत नाही. प्लॅस्टिक आच्छादन वापरायचे असल्यास चंदेरी बाजू वर ठेवावी. लहान रोपांभोवती उघडे काळे प्लॅस्टिक भर उन्हाळ्यात घालू नये, कारण ते तापते, भोकातून गरम वाफ थेट बुंध्याशी येते आणि रोपाची मान भाजते.

पाणी हीच केळीची सर्वांत मोठी सावली आहे. पूर्ण वाढलेल्या झाडाला ठिबकाने मार्चमध्ये दररोज साधारण १६ ते १८ लिटर, तर मे महिन्यात २० ते २२ लिटर पाणी लागते. जमीन हलकी आणि वारा जोराचा असेल तर थोडे अधिक. हे सगळे पाणी एकाच वेळी देण्याऐवजी दोन हप्त्यांत द्यावे, त्यांतील मोठा हप्ता पहाटे द्यावा, म्हणजे ऊन चढण्याआधी झाड भरलेले असते. वीज रात्रीच मिळत असेल तर रात्रीचे पाणीही चांगलेच. ठिबकाच्या नळ्या आच्छादनाखाली ठेवाव्यात, नाहीतर दुपारी सुरू केलेल्या नळीतून पहिले काही मिनिटे चटका बसण्याइतके गरम पाणी येते. मे महिन्यात दोन-तीन दिवस पंप बंद पडला तर होणारी हानी त्यानंतरच्या दुप्पट पाण्याने भरून निघत नाही, म्हणून मोटार आणि गाळणयंत्र यांची दुरुस्ती मार्चमध्येच उरकून घ्यावी.

घड आणि त्याचा दांडा

जून-जुलैत लावलेली मृगबाग हिवाळ्याच्या अखेरीस किंवा त्यानंतर निसवते, म्हणजे तिचा घड एप्रिल-मेच्या उन्हातच भरतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील कांदेबाग उन्हाळ्यात केवळ पानांवर असते आणि पुढे पावसाळ्यात निसवते. त्यामुळे घडाला सावली देण्याचे काम मुख्यतः मृगबागेत करावे लागते, आणि माझ्या मते उन्हाळ्यातील सर्व कामांत हे काम सर्वांत जास्त परतावा देणारे आहे.

घडाचा दांडा खोडातून बाहेर येऊन जेथे वाकतो, त्या वळणाच्या वरच्या पाठीवर ऊन सरळ पडते. एखादे वाळलेले पान बाजूला सारून ही जागा पाहिली तर उन्हाचा परिणाम ओळखू येतो: आधी हिरव्यावर पिवळट झाक येते, मग तपकिरी चट्टा पडतो, त्यात चिरा जातात, आणि वरून घडाचे वजन वाढत असताना दांडा तेथेच कुजून मोडतो. पाने कमी असलेल्या आणि कडेच्या झाडांवर हे प्रमाण अधिक असते. फळांवरही परिणाम होतो. वरच्या एक-दोन फण्यांच्या पश्चिमेकडील फळांची साल आधी पिवळी आणि मग काळपट होते. अशी फळे नीट भरत नाहीत आणि व्यापारी त्यांच्यासाठी संपूर्ण घडाचा भाव पाडतो.

निसवणीनंतर शेवटची फणी उलगडली की केळफूल कापावे आणि त्याच वेळी झाडाचीच दोन-तीन वाळलेली पाने दांड्याच्या वळणावर दुमडून, सुतळीने किंवा केळीच्याच सोपटाने (खोडाच्या सालीने) सैल बांधावीत. सर्वांत वरचे, घडालगतचे छोटे पान असेल तर ते कापू नये. दांड्यावर झुकवून ठेवावे. त्यावरून पांढऱ्या, न विणलेल्या कापडाची स्कर्टिंग बॅग चढवावी. पिशवीचा खालचा भाग उघडा राहिला पाहिजे, म्हणजे आतील गरम हवा कोंडत नाही. भर उन्हाळ्यात भोके नसलेली प्लॅस्टिकची पिशवी वापरू नये. तिच्यात घड अक्षरशः उकडतो. पिशवी घालण्याआधी दांडा पानांनी झाकायचाच, ही गोष्ट विसरली जाते. पिशवी घड झाकते, पण दांड्याचे वळण बहुधा तिच्या गाठीच्या वरच राहते.

झाडाला टेकू देताना घड शक्यतो खोडाच्या सावलीत, पूर्वेकडे झुकेल असे पाहावे. वाळलेली पाने कापणे आवश्यक असते, पण अर्धी हिरवी असलेली पाने आणि खोडावरील ओली सोपटे एप्रिल-मेमध्ये ओढून काढू नयेत. ती खोडावर ऊन येऊ देत नाहीत.

केओलीन आणि शेडनेट

पाण्याची ओढ असेल, किंवा सलग आठवडाभर पारा ४३ अंशांच्या वर राहणार असेल, तर केओलीनची ८ टक्के फवारणी, म्हणजे १० लिटर पाण्यात ८०० ग्रॅम, पानांवर करावी. ही पांढरी माती ऊन परावर्तित करते आणि बाष्पीभवन कमी करते. फवारणी सकाळी लवकर करावी, द्रावण सतत ढवळत राहावे, कारण ते तळाशी बसते आणि नोझल तुंबते. केओलीन प्रकाशही काही प्रमाणात अडवते, म्हणून एप्रिलच्या अखेरपासून पाऊस येईपर्यंतच ते वापरावे. पहिल्या पावसात ते धुऊन जाते.

संपूर्ण बागेवर जाळी टाकण्याची पद्धत इस्रायलमध्ये मोठ्या प्रमाणावर आहे. तेथे केळीवर पारदर्शक किंवा पांढऱ्या, फारच विरळ सावलीच्या जाळ्या असतात, आणि त्यांचा मुख्य उद्देश वारा अडवणे व पाण्याची बचत करणे हा असतो. आपल्याकडे बाजारात सहज मिळणारे ५० ते ७५ टक्क्यांचे हिरवे शेडनेट हा त्याला पर्याय नव्हे. परसातील दोन-चार झाडांवर काही घालायचेच असेल तर पांढरे, २० ते ३० टक्के सावलीचे जाळे झाडाच्या वर तीन-चार फूट अंतर ठेवून, एप्रिलच्या मध्यापासून मृगापर्यंत बांधावे आणि नंतर न चुकता सोडावे. पावसाळ्यात ढगांमुळे प्रकाश आधीच कमी असतो. त्यात जाळे तसेच राहिले तर वाढ खुंटते.

दोष उन्हाचा की दुसरा कशाचा

कडेने वाळलेले प्रत्येक पान उन्हाने वाळलेले नसते. उन्हाचा चट्टा पश्चिमेकडील, आडोसा नसलेल्या पानांवर येतो, त्याचा रंग फिकट पांढरट ते तपकिरी असतो आणि तो दोन-तीन दिवसांत एकदम दिसतो. पालाशची कमतरता असेल तर सर्वांत जुन्या पानांची टोके व कडा आधी नारिंगी-पिवळ्या होतात, पान टोकाकडून आत वळते आणि हे बागेत सर्वत्र, सावलीतील झाडांवरही दिसते. करपा रोगाचे ठिपके शिरांना समांतर, लांबट असतात आणि मध्यभागी राखाडी होतात. पाणी खारे असेल तर जुन्या पानांच्या सगळ्या कडा सारख्या रुंदीने जळतात, आणि हा प्रकार उन्हाळ्यात विहिरी आटू लागल्यावर वाढतो. कारण न ओळखता सावली केली तर वरील तिन्ही दोषांत काहीही सुधारत नाही.

सावली जास्त झाल्याची लक्षणे सावकाश दिसतात. खोड उंच पण सडपातळ होते, दोन पानांच्या देठांतील अंतर वाढते, पाने गडद हिरवी, रुंद पण पातळ राहतात आणि झाड प्रकाशाकडे कलते. असे झाड वाऱ्यात लवकर पडते. त्याच्या आसपासच्या मोठ्या झाडाच्या खालच्या फांद्या हिवाळ्याच्या सुरुवातीला उतरवाव्यात. भर उन्हाळ्यात एकदम छाटणी केली तर सावलीची सवय झालेली पाने भाजतात.

कोकण आणि गोव्याचा हिशेब वेगळा

किनारपट्टीवर वरील सर्व काटेकोरपणाची गरज नाही. तेथे हवा दमट असते, पारा क्वचितच चाळिशी गाठतो आणि झळ जवळजवळ नसते. नारळ-सुपारीच्या बागेत केळी घेण्याची पद्धत तेथे पूर्वापार आहे, आणि २५ फूट अंतरावर लावलेल्या नारळांच्या झावळ्यांतून गळणाऱ्या उन्हावर राजेळीसारख्या उंच जाती चांगल्या वाढतात. विरळ सावलीत करप्याचा जोरही थोडा कमी राहतो. गोव्यातील मयड्याच्या केळीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अशा उंच स्थानिक जाती आणि ग्रँड नैन ही बुटकी व्यापारी जात यांचा हिशेब एकच धरू नये. ग्रँड नैन दाट सुपारीखाली लावल्यास निराशाच पदरी पडते. तिला हवी असलेली जागा बागेच्या दक्षिण कडेला, मोकळ्या पट्ट्यात असते.

पील आणि पावसाची सुरुवात

पीलबाग धरणाऱ्यांनी, म्हणजे कापलेल्या झाडाच्या बुंध्याशी फुटलेल्या पिलावर पुढचे पीक घेणाऱ्यांनी, एक गोष्ट सांभाळावी. आईच्या झाडाच्या सावलीत वाढलेले पील कोवळे असते. मे महिन्यात घड कापल्याबरोबर आईची सगळी पाने तोडली तर पील एकाच दिवसात सावलीतून रणरणत्या उन्हात येते. म्हणून कापणीनंतर आईची पश्चिमेकडील दोन-तीन पाने आणि खोड तसेच ठेवावे आणि पाने पंधरवड्याने, टप्प्याटप्प्याने उतरवावीत. नको असलेले मुनवे मात्र उन्हाळ्यात जमिनीलगत कापत राहावेत, कारण ते सावली देत नाहीत, केवळ पाणी ओढतात.

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की आठवडाभरात उभी-आडवी सगळी शेडनेटे सोडून, घडी करून ठेवावीत. उन्हाने पूर्ण करपलेली पाने कापून बागेबाहेर न्यावीत, कारण पावसाळ्यात त्यांवर बुरशी वाढते, पण निम्म्याहून अधिक हिरवे असलेले पान करप्याचे ठिपके नसतील तर ठेवावे. आच्छादनाचा थर खोडापासून आणखी मागे ओढावा, चर मोकळे करावेत आणि ठिबकाचे पाणी पावसाच्या मानाने कमी करीत पाच-सहा लिटरांवर आणावे.